उंबऱ्याबाहेर एक जण

रविवार, २ फेब्रुवारी २०२५
ट्रॉय, मिशिगन

आज शेवटचं खोकं उघडलं. त्यातून कुकरची जास्तीची रिंग, इशिताचे पाढ्यांचे तक्ते आणि ही कोरी डायरी निघाली. नागपूरच्या शाळेतल्या सहकाऱ्यांनी निरोपाच्या दिवशी दिलेली. तिकडे गेलीस की रोज लिही, असं सगळ्यांनी बजावलं होतं. रोज जमणार नाही, पण सुरुवात करते.

घर छान आहे. एका ओळीत आठ घरं, आमचं तिसरं. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर दोन खोल्या. पुढच्या दाराबाहेर दोन पायऱ्या आणि छपराखाली माणूस कसाबसा उभा राहील एवढी जागा. तिलाही इथे पोर्च म्हणतात. परीक्षित ऑक्टोबरपासून एकटाच राहत होता, त्यामुळे घरात एक तवा, दोन ताटल्या आणि सव्वीस सॉसच्या पुड्या होत्या. तो गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत आहे. बुटीबोरीला होता तेव्हाही सीटच बनवायचा, फक्त इथे बसणारे लोक रुंद आहेत असं म्हणतो.

इशिताला शाळा आवडली. आठवड्यात ती मला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली आहे.

ओळीतल्या शेवटच्या घरात शोभनाकाकू राहतात. मूळच्या सोलापूरच्या, चाळीस वर्षांपासून इथे, निवृत्त डॉक्टर. आज शेंगाचटणीची बरणी घेऊन आल्या. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही हे कळल्यावर म्हणाल्या, घरात बसून राहू नकोस, डोकं खराब होतं. मी अकरा वर्षं इंग्रजी शिकवलं हे ऐकून त्यांना मिसेस थॉर्प आठवल्या. काकूंच्या हॉस्पिटलात नर्स होत्या, मूळच्या इंग्लंडच्या, आता ब्याऐंशीच्या. दर रविवारी अकरा वाजता त्या ऑनलाइन मेळावा भरवतात. इंग्लंडच्या गावाकडच्या जुन्या चालीरीती आणि गोष्टी एकमेकांना सांगायच्या. काकूंनी तिथल्या तिथे फोन लावून माझं नाव दिलं.

मला फार आनंद झाला. इतकी वर्षं त्या देशाच्या कविता शिकवल्या, त्यांच्या गावातलं मात्र काहीच माहीत नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिला मेळावा. पडद्यावर माझा सोडून चौदा चौकोन. बहुतेक सगळे सत्तरीच्या आसपासचे, कुणी ओहायोत, कुणी व्हरमाँटमध्ये, कुणाचे आजोबा तिकडून आलेले, कुणी स्वतःच आलेलं. मिसेस थॉर्प मधल्या चौकोनात. बारीक, ताठ, डोळ्यांवर दुधी सायीसारखं काही.

व्हरमाँटच्या लिलियनने मधमाश्यांची चाल सांगितली. घरातलं माणूस गेलं की घरच्या कुणीतरी पोळ्यांच्या पेट्यांपाशी जायचं, घराच्या किल्लीने एकेका पेटीवर टकटक करायची आणि मालक गेला असं हळू आवाजात सांगायचं. पेटीला काळी फीत बांधायची. सांगितलं नाही तर माश्या निघून जातात किंवा मरतात. लिलियनच्या पणजीने हे केलेलं होतं. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, चांगल्या अर्थाने.

मग दुसऱ्या कुणी नांगराच्या सोमवारची गोष्ट सांगितली. जानेवारीत गावातले तरुण नांगर ओढत दारोदार पैसे मागत फिरायचे, आणि जो हात आखडता घेईल त्याचं अंगण नांगरून टाकायचे. मला राहवलं नाही. मी पोळ्याबद्दल सांगायला लागले, बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगापर्यंत आले आणि लक्षात आलं की कुणीच मान हलवत नाहीये.

ओहायोच्या मिस्टर पिकरिंगनी विचारलं, मी इथे नेमकी कशासाठी आले आहे. आवाज अगदी सभ्य होता. लिलियन तेवढी हसली आणि बैलांची नावं काय असतात असं तिने विचारलं. मी उत्तर देण्याआधी माझा आवाज कुणीतरी बंद केला.

मिसेस थॉर्प एवढंच म्हणाल्या की आपल्याला नवे डोळे हवे आहेत.

रविवार, २ मार्च

सोडून द्यायचं ठरवलं होतं. पण मिसेस थॉर्पनी स्वतः फोन केला. त्यांना पडद्यावरची नावं दिसत नाहीत, मेळाव्याची यजमान मी व्हावं अशी त्यांची इच्छा. परीक्षित म्हणाला, बघ यार, फुकटची म्हातारी टोळी पदरात घेतेयस. पण मला कामाची इतकी भूक आहे की मी हो म्हटलं.

काम सोपं आहे. आलेला माणूस आधी वेटिंग रूममध्ये थांबतो. त्याचं नाव फक्त मला दिसतं. नावापुढे अ‍ॅडमिट असं बटण असतं, ते दाबलं की तो आत येतो. दाबलं नाही तर बाहेरच.

दर रविवारी चौदा वेळा बटण दाबते. आत आल्यावर कुणी मला नमस्कार करत नाही. लिलियन सोडून. मी एखाद्या गावाचं नाव वाचलं की मिस्टर पिकरिंग ते पुन्हा उच्चारतात, वर्गात मी मुलांची चूक सुधारायची तसे. आता कळतं मुलांना कसं वाटत असेल.

रविवार, ३० मार्च

आज पाडवा. काठी म्हणून पडद्याचा दांडा घेतला, त्यावर माझा लग्नातला शालू आणि परीक्षितचा कॉफीचा स्टीलचा मग. कडुनिंब मिळाला नाही. शोभनाकाकू जेवायला होत्या. छान दिवस गेला, मधला एक तास सोडून.

साडी नेसूनच मेळाव्याला बसले. मागे खिडकीत गुढी दिसत होती. मिस्टर पिकरिंगनी ती काढायला सांगितली. मी म्हटलं, आमचं नवं वर्ष आहे, ती संध्याकाळी उतरवतात. ते म्हणाले की मग कॅमेरा बंद ठेव, तुझं काम दार उघडण्याचं आहे, दिसण्याचं नाही. तेरा माणसांनी ते ऐकलं. मी कॅमेरा बंद केला.

नंतर लिलियनने मला एकटीला लिहिलं की गुढी सुंदर होती.

रविवार, १३ एप्रिल

मिसेस थॉर्पनी आज चहाला बोलावलं. शोभनाकाकूंनी सोडलं. घरात हवा कोंदलेली, सगळी आतली दारं बिजागऱ्यांवरून काढून भिंतीला टेकवून ठेवलेली. म्हाताऱ्या माणसाला अडखळायला नको म्हणून असेल.

त्यांनी पुढच्या कार्यक्रमाबद्दल सांगितलं. चोवीस एप्रिल, सेंट मार्कची पूर्वसंध्या. त्यांच्या लिंकनशायरकडच्या गावात त्या रात्री अकरा ते एक गावातला एक जण चर्चच्या पोर्चमध्ये जागत बसायचा. त्या वर्षी गावात जे मरणार असतील त्यांच्या सावल्या एकामागून एक त्याच्या समोरून चर्चमध्ये शिरायच्या. ज्याची सावली थोड्या वेळाने बाहेर आली तो आजारी पडून वाचणार. ज्याची आली नाही तो गेला. जो एकदा बसला त्याला दरवर्षी बसावं लागतं, दुसरा कुणी आपणहून बसायला तयार होईपर्यंत. बसलेल्याला गावात कुणी जवळ करत नसे. त्यांच्या आजीच्या खिडक्यांवर लोक दगड मारायचे, कारण तिला सगळ्यांची नावं ठाऊक असायची.

मला वाटलं, गोष्ट म्हणून किती सुरेख आहे. आमच्याकडेही तिन्हीसांजेला उंबऱ्यावर उभं राहू देत नाहीत, असं मी सांगणार होते. पण पोळ्याचा अनुभव आठवला आणि गप्प बसले.

तिकडचे अकरा म्हणजे इथले संध्याकाळचे सहा. यंदा मेळाव्यात ती चाल प्रत्यक्ष करायची आहे. दोन तास सगळ्यांनी गप्प बसायचं. यजमान मीच. संपेपर्यंत उठायचं नाही, झोपायचं नाही. मी हो म्हटलं. तेवढ्यावर भागलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मी माझ्या मर्जीने बसते असं माझ्याकडून मोठ्याने म्हणून घेतलं. मी हसत म्हटलं.

परत येताना काकू मिसेस थॉर्पबद्दल म्हणाल्या, मार्गरेटला इतकी वर्षं ओळखते, पण तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. मी पाहिलंच नव्हतं. मी तेव्हा चपला घालत होते.

गुरुवार, २४ एप्रिल

साडेआठ झालेत. जसं झालं तसं लिहून ठेवते, म्हणजे उद्या वाचून हसता येईल.

परीक्षित इशिताला पोहण्याच्या क्लासला घेऊन गेला होता. सहा वाजता सगळे तेरा जण आले. मिसेस थॉर्प नव्हत्या, बरं नाही म्हणून झोपणार होत्या. कुणी बोलत नव्हतं. खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं. लिलियन काहीतरी विणत होती.

सहा चाळीसला वेटिंग रूममध्ये लिलियनचं नाव आलं. ती तर समोर बसलेली. वाटलं, फोनवरूनही लावलं असेल. अ‍ॅडमिट दाबलं. एक नवा चौकोन उघडला, नुसता काळा. खाली तिचं नाव. विणणारी लिलियन दुसऱ्या चौकोनात टाके मोजत होती.

मग मिस्टर पिकरिंगचं नाव आलं. ते समोर होते, हाताची घडी घालून. दाबलं. दुसरा काळा चौकोन. वीसेक मिनिटांनी तो आपोआप निघून गेला. लिलियनचा गेला नाही.

सात वाजता मिसेस थॉर्प. मला बरं वाटलं, आल्या एकदाच्या. दाबलं. काळा चौकोन. मी हळूच विचारलं, कशा आहात. तेरा चेहऱ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. त्यांना काळे चौकोन दिसत नव्हते हे मला तेव्हा कळलं.

आणि सात चाळीसला परीक्षित.

मराठी अक्षरांत. परीक्षित. त्याचं एकही खातं मराठीत नाही. मी त्याला फोन लावला. मागे पाण्याचा, मुलांचा आवाज. तो म्हणाला की कसला कॉल, मी बाकावर बसलोय, इशिता आत्ता उडी मारतेय, नंतर बोलतो.

नाव तिथेच होतं. बोट बटणावर होतं. मी दाबलं नाही. उठावंसं वाटलं पण पाय जड झाले होते, जणू मांडीवर कुणी बसलंय. आठ वाजले तेव्हा मी मीटिंग संपवायचं बटण दाबलं. त्याआधी मिस्टर पिकरिंगनी विचारलं, माझं नाव होतं का. मी म्हटलं, कुणाचंच नव्हतं. ते माझा चेहरा बघत राहिले. कॅमेरा बंद ठेवायला हवा होता.

आत्ता दोघं आले. इशिताचे केस ओले आहेत. परीक्षित भूक भूक करतोय. सगळं ठीक आहे.

रविवार, २७ एप्रिल

मेळावा भरला. गोष्ट कुणीच सांगितली नाही. एकेकाने तेच विचारलं. मी तेच उत्तर दिलं. लिलियनने एकटीला लिहिलं: मला सांगू नकोस, नातवाचा स्वेटर पुरा करायचाय.

संध्याकाळपासून ईमेल. त्यातल्या एकात लिहिलं होतं की एका परक्या बाईने आमच्या दारात बसून आमची माणसं मोजली. खाली नाव नाही.

परीक्षितला सगळं सांगितलं, फक्त त्याचं नाव सोडून. तो म्हणाला, सॉफ्टवेअरचा गोंधळ असेल, ग्रुप सोड. सोडते.

मंगळवार, ६ मे

लिलियन गेली. तिच्या मुलीचा ईमेल आला. काल सकाळी बागेत काम करताना कोसळली. मिस्टर पिकरिंगना न्यूमोनिया झाला होता, आठवडाभर हॉस्पिटलात होते, काल घरी आले.

तिच्यासाठी ते बटण मी दाबलं.

आणखी एक. आज पाऊस होता. परीक्षितची गाडी साडेपाचला आलेली मी खिडकीतून पाहिली. सव्वासहा झाले तरी तो आत नाही. दार उघडलं तर पोर्चमध्ये उभा. शर्ट पूर्ण भिजलेला, हातात किल्ली. मी म्हटलं, अरे ये ना. तो आत आला. कधीचा उभा होतास विचारलं तर म्हणाला, आत्ताच तर आलो.

शुक्रवार, ९ मे

रोज होतंय. बाहेरच्या दाराशी, बाथरूमच्या दाराशी, काल झोपायच्या खोलीच्या दाराशी. ये म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाही. त्याला स्वतःला ते कळत नाही, दरवेळी आत्ताच आलो म्हणतो. हात गार लागतो.

आज इशिताने त्याला विचारलं, बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट कम इन. तो तिच्याकडे बघून हसला आणि उभाच राहिला.

सोमवार, १२ मे

मिसेस थॉर्पकडे गेले. त्या अंथरुणात होत्या, शेजारी एक मदतनीस बाई. तिला त्यांनी बाहेर पाठवलं. मी काही बोलायच्या आधी त्यांनी विचारलं, किती जण.

मी चारही नावं सांगितली. स्वतःचं ऐकून त्यांनी डोळे मिटले, जणू कुणी पांघरूण घातलं. मग परीक्षित दाराशी कसा उभा राहतो ते सांगितलं. बटण दाबलं नाही हेही.

त्या उठून बसल्या. असं कुणी कधी केलेलं नाही म्हणाल्या. दाराशी आलेला आत जातो, मग परत येतो किंवा नाही येत. तुझ्या नवऱ्याला तू ना आत जाऊ दिलंस, ना परत येऊ. तो परतही येऊ शकला असता.

मी विचारलं, तो कुठे आहे आता.

"बाहेर. जेवढा वेळ उभा राहील तेवढा तो इथे कमी होत जाईल. आणि तो आत येईपर्यंत दार उघडंच आहे. जे परत आले होते, त्यांनाही पुन्हा बोलावणं येईल, मग बाकीच्यांनाही."

मी विचारलं, मलाच का बसवलंत. त्यांनी शांतपणे सांगितलं की बावन्न वर्षं बसले, आमच्यातल्या कुणी हो म्हटलं नसतं, कारण आमच्यातल्या सगळ्यांना ती गोष्ट खरी आहे हे माहीत होतं.

शुक्रवार, १६ मे

मिसेस थॉर्प काल दुपारी गेल्या. काकू म्हणाल्या, चेहरा हसरा होता.

रविवार, १८ मे

लॅपटॉप उघडला. मी कुठलीही मीटिंग लावली नव्हती. खिडकी आपोआप समोर आली. आत कुणी नाही. वेटिंग रूममध्ये एक. परीक्षित. पुढे बटण.

बंद केली. पुन्हा आली. प्रोग्रॅमच काढून टाकला. पुन्हा आली.

तो परतही येऊ शकला असता, असं त्या म्हणाल्या. मिस्टर पिकरिंग आले. लिलियन नाही आली. मी कसं ठरवू. दाबून बघू असं म्हणण्यासारखी ही गोष्ट आहे का.

बुधवार, २१ मे

परीक्षितच्या ऑफिसातून फोन. सकाळी आठपासून अकरापर्यंत काचेच्या दाराबाहेर उभा होता. लोक त्याच्या बाजूने आत-बाहेर करत होते.

काकूंनी हॉस्पिटलात नेलं. तिथलं दार आपोआप उघडतं, तरीही हात धरून आत ओढावं लागलं. रक्त, मेंदूचा स्कॅन, सगळं नॉर्मल. महिन्यात अकरा किलो कमी. काकूंनी स्वतः नाडी पाहिली. खूप वेळ धरून बसल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, लागते गं, पण दुसऱ्या खोलीतून कुणी टकटक करावी तशी.

त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सांगितलं, त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

रविवार, २५ मे

मिस्टर पिकरिंग आले आहेत. गाडी चालवत, ओहायोहून. समोरच्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसलेत. गळा घरघरतोय, इथपर्यंत ऐकू येतो. त्यांच्याबरोबर मेळाव्यातल्या दोन बायका.

मी बाहेर गेले. ते उठले नाहीत. मिसेस थॉर्पनी जाण्याआधी त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. म्हणाले, "त्याला आत घे आणि दार लाव. एका माणसासाठी तू आम्हा सगळ्यांना थंडीत ठेवलं आहेस."

मी म्हटलं, तो माझा नवरा आहे. ते म्हणाले, लिलियनही कुणाची तरी आई होती, तिच्या वेळी तुझं बोट अडखळलं नाही.

पोलिसांना बोलावलं. फुटपाथ सगळ्यांचा आहे म्हणाले. शेजारचे लोक खिडकीतून बघतात. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

बुधवार, २८ मे

आता ये म्हटलं तरी येत नाही. काल संध्याकाळी आला तो पोर्चमध्येच आहे. हात धरून ओढलं. हलत नाही. वजन काहीच नाही, तरी हलत नाही. चमच्याने वरणभात भरवला. काकूंना फोन केला. त्या उचलत नाहीत.

फुटपाथवर आता सात जण.

दुपारी दाराच्या फटीतून त्याच्याशी बोलत बसले. नागपूरचं काहीबाही. तो म्हणाला, "आसावरी, तू दाबत का नाहीस? माझे पाय दुखतात गं."

बटणाचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं.

रविवार, १ जून

लॅपटॉप जुन्या सामानाच्या केंद्रावर देऊन आले. परत येताना फोनवर तीच खिडकी. फोन पाण्याच्या बादलीत टाकला.

मिस्टर पिकरिंग खुर्चीत नाहीत. पहाटे अ‍ॅम्ब्युलन्स आली होती म्हणे. बाकीचे रस्ता ओलांडून अलीकडे आले आहेत. अकरा जण. खिडकीवर काहीतरी आपटलं— दगड. काच तडकली.

इशिताला शाळेत पाठवत नाही. जाताना बाबाच्या अंगावरून जावं लागतं. ती रडते.

त्याचा चेहरा आता नीट लक्षात राहत नाही. दार लावलं की— नाक कसं होतं ते—

मंगळवार, ३ जून

दुपारचे चार. ऊन आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. इथून दाराची बाजूची काच दिसते, काचेत त्याचा खांदा.

ते अकराही जण पायऱ्यांपर्यंत आले आहेत. माना खाली. वाट बघतात तसे.

मी नाही दाबणार. काहीही झालं तरी. कमी कमी होत का होईना, आहे—

सकाळपासून खुर्चीतून उठता येत नाही. त्या संध्याकाळी पाय झाले होते तसे— फक्त हात चालतोय, म्हणून लिहिते—

इशिता वर आहे. खूप वेळ आवाज नाही. शाळेचा टॅबलेट तिच्याकडे— शाळेचा टॅबलेट मी कसा विसर—

वरून हाक मारतेय. आई, बाबा इज ऑन माय स्क्रीन. ही'ज वेटिंग. शॅल आय लेट हिम इन.

नको म्हणून ओरडले. नको, नको, हात लावू नकोस— ऐकू गेलं का— ती हो म्हणाली की ओके—

वर टिंग असा आवाज.

बाहेरचे अकरा जण एकदम बाजूला सरले. परीक्षित वाकला आहे. बूट काढतोय. घरात यायच्या आधी काढतो तसे, भिंतीला हात टेकवून. एक काढून बाजूला ठेवला. आता दुस—